न फुटलेला पडदा

अकरा वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा कोणता प्रश्न विचारला गेला असेल, तर तो 'फुटलं तर?' हा. याचा उपयोग काय, असं फार थोड्यांनी विचारलं. ध्वनीच्या सहापट वेग म्हणजे नेमका किती, असं तर कुणीच नाही. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत आणि संस्थेच्या विश्वस्तांपासून माझ्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांचं एकच, फुटलं तर? आणि मी प्रत्येकाला तेच उत्तर द्यायची, की नाही फुटणार. पुढे पुढे समोरच्यानं तोंड उघडायच्या आतच मी ते सांगून मोकळी व्हायला लागले.

मी विद्यापीठाशी संलग्न अशा एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र विभागात शिकवते. कॉलेज मोताळा तालुक्यात, डांबरी रस्त्याच्या कडेला आहे आणि तिन्ही बाजूंना कपाशी. मी मूळची संग्रामपूरकडची. पीएचडीला बाहेर गेले, एका मोठ्या संस्थेत हायपरसॉनिक प्रवाहाच्या प्रयोगशाळेत चार वर्षं काढली आणि परत आले. परत का आलीस, असं अजूनही लोक विचारतात. घरचे म्हातारे होते, नोकरी मिळत होती, आणि तिथल्या गर्दीचा कंटाळाही आला होता. येताना मात्र एक खूळ डोक्यात घेऊन आले, की असं एखादं यंत्र आपल्याकडे बांधायचं. लहान असलं तरी चालेल, पण खरं हवं.

ते यंत्र काय असतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अवकाशातून परत येणारं यान हवेत ध्वनीच्या कितीतरी पट वेगानं शिरतं. त्याच्या नाकाशी हवा इतकी दाबली जाते आणि इतकी तापते, की ती नेहमीच्या हवेसारखी वागतच नाही. हे अभ्यासायचं तर यानाची प्रतिकृती एका जागी ठेवायची आणि हवा तिच्यावर तेवढ्या वेगानं सोडायची. असा वारा तासभर वाहता ठेवायचा म्हटलं तर अख्ख्या तालुक्याची वीज पुरणार नाही, आणि आमच्याकडे दुपारी पंखा चालेल याचीही खात्री नसते. म्हणून युक्ती करायची. एक लांब पोलादी नळी घ्यायची. तिच्या मागच्या भागात खूप दाबानं वायू भरायचा, पुढचा भाग जवळजवळ रिकामा करायचा, आणि दोहोंच्या मधे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा पडदा लावायचा. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की पडदा फुटतो, वायू पुढे झेपावतो, टोकाला आपटून आणखी दाबला जातो आणि तिथल्या अरुंद नॉझलमधून सहापट वेगानं एका निर्वात टाकीत शिरतो. प्रतिकृती त्या टाकीत असते. हा वारा सेकंदाचा तीनशेवा-चारशेवा भाग टिकतो. तेवढ्यात मोजायचं ते मोजून घ्यायचं.

म्हणजे नळी फुटता कामा नये आणि पडदा फुटलाच पाहिजे. लोकांना मी जे सांगायची ते नळीबद्दल असायचं. पडद्याचं मी बोलत नसे. 'यात एक वस्तू मुद्दाम फोडायची आहे' असं म्हटलं असतं, तर पुढचं वाक्य ऐकायला समोर कुणी थांबलं नसतं, अशी माझी खात्री होती.

आराखडा करायला पहिली दोन वर्षं गेली. बाहेरच्या संस्थेत आराखडा म्हणजे हवं ते कागदावर काढायचं आणि मग ते कुठून तरी मागवायचं. इथे उलटं. मलकापूर, खामगाव, अकोला एवढ्या टप्प्यात काय मिळतं आणि काय बनतं, ते आधी पाहायचं आणि मग कागदाला हात लावायचा. नॉझलला आतून सुंदर वळण द्यायचं असतं, पण ते इथल्या लेथवर निघणार नव्हतं, म्हणून मी सरळ शंकूच ठेवला. निर्वात टाकी म्हणून बंद पडलेल्या एका तेलमिलची जुनी टाकी घेतली. तिच्या आतला सरकीच्या तेलाचा थर खरवडून काढायला एक उन्हाळा लागला, आणि तो वास माझ्या ओढणीला अजून येतो असं घरचे म्हणतात. नळीची लांबीसुद्धा गणितानं ठरली नाही. कॉलेजच्या मागे वर्कशॉपची एक वापरात नसलेली शेड होती, तिच्या दोन भिंतींमधलं अंतर हीच माझ्या नळीची लांबी.

सगळ्यात जास्त छळलं ते जमिनीनं. नळीचे तीन तुकडे एका रेषेत बसायला हवेत. केसाइतकाही फरक पडला तर जोड गळतात. मी उन्हाळ्यात ओटे बांधले, रेषा साधली, खूश झाले. पावसाळ्यात आमची काळी माती फुगली आणि मधला ओटा बोटभर वर आला. कोणत्याही शेतकऱ्यानं हे मला फुकटात सांगितलं असतं. मी स्वतः त्याच मातीतली असून विसरले होते. मग ओटे फोडले, खाली मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून. प्राचार्य रोज तिथून जाताना थबकायचे आणि विचारायचे, "मॅडम, विहीर का?" पहिले चार दिवस मी हसले. नंतर हसायचं सोडून दिलं.

याच काळात मला चाचा भेटले. मलकापूरला कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. एक मोठा लेथ, एक शेपर, एक ड्रिल, आणि दारात कायम कुठल्या तरी जिनिंगचा मोडका रोलर. ते मूळचे रोहिणखेडचे. तिथून वडलांबरोबर मलकापूरला आले आणि पन्नासेक वर्षं लोखंडच कापत आहेत. मी पहिल्यांदा नकाशे घेऊन गेले तेव्हा त्यांनी ते उलटे धरले. मला वाटलं, संपलं. पण ते तसे दिव्याकडे धरून पाठीमागून बघत होते, ओळी नीट दिसाव्यात म्हणून. नॉझलचा सगळ्यात अरुंद भाग त्यांनी इतका अचूक काढला, की मी तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा माझंच माप चुकलं की काय असं वाटलं. नळी आतून घासायला बाजारात हत्यार मिळेना, तर त्यांनी लांब दांड्याचं एक स्वतः बनवलं. मला ते बाई म्हणत. मी त्यांच्याशी आईकडच्या बोलीत बोलायची. कॉलेजात ती बोली मी कधी तोंडातून काढत नाही. पुण्यात असताना एकदा भर वर्गात 'मला'ऐवजी 'मले' म्हणाले होते, त्याचं हसू अजून कानात आहे.

नळी शेडमध्ये बसवायची वेळ आली तेव्हा विश्वस्तांनी सभा बोलावली. कुणीतरी अध्यक्षांच्या डोक्यात भरवलं होतं, की कॉलेजात बॉम्बसारखं काहीतरी बनून राह्यलं. मी चाळीस पानांचं सादरीकरण केलं. इंग्रजीत, कारण सादरीकरण इंग्रजीतच करायचं असतं. सुरक्षेचे आकडे, पोलादाची जाडी, सगळं दाखवलं. अध्यक्ष शांतपणे ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, "ते ठीक हाय मॅडम. पण फुटलं तं?"

मला हे अपेक्षित होतं. म्हणून मी चाचांना बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं. आमच्याकडे अशी रीत आहे. बॉयलर असो, विहिरीवरची लोखंडी चौकट असो की गावातली पाण्याची टाकी, कागदावर सही कुणाची आहे हे कुणी पाहत नाही. मिस्त्री कोण आहे ते विचारतात, आणि त्या मिस्त्रीनं चारचौघांत तोंडानं शब्द दिला की विषय मिटतो. तो शब्द मोडला तर त्या माणसाच्या दुकानाची पायरी पुन्हा कुणी चढत नाही. मी चाचांना आत बोलावलं. ते चप्पल दाराशी काढून आत आले आणि उभेच राहिले.

"चाचा, हे फुटन काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, माह्या हातची चीज आजलोक फुटली नाई," चाचा छातीवर हात ठेवून म्हणाले. "हे बी नाई फुटनार. जबान देतो."

पाच मिनिटांत मंजुरी मिळाली. चाळीस पानं एकीकडे आणि चाचांचे दोन शब्द एकीकडे. मी परतताना त्यांना स्टँडवर चहा पाजला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, की काय हुशारीनं काम काढलं.

त्यानंतर पुढची वर्षं कशी गेली ते मला धड आठवतही नाही. शिकवणं, पेपर तपासणं, प्रवेशाची धावपळ, आणि उरलेल्या वेळात शेड. व्हॅक्यूम पंप दोनदा जळला. टाकीला गळती लागायची, ती साबणाच्या फेसानं शोधायची, बुजवायची, की दुसरीकडून सुरू. माझे गुडघे तिथल्या फरशीवर गेले. नवरा एकदा जेवताना सहज म्हणाला, की तुझ्याशी बोलायचं तर नळीत तोंड घालून बोलावं लागेल. भांडण झालं नाही. भांडायलाही अंगात काहीतरी लागतं.

मधल्या काळात प्राचार्य बदलले. नवे प्राचार्य वाईट नव्हते, व्यवहारी होते. त्यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं. तालुक्यातली पोरं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला जागा मागत आहेत, पालक मागत आहेत, आणि ही शेड इतकी वर्षं अडून आहे. विद्यापीठाची समिती येईल. तिच्यासमोर यंत्र एकदा चालून दाखवा. चाललं तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळा म्हणून शेड कायमची तुमची. नाही चाललं तर अभ्यासिका. मी म्हणाले, ठीक आहे. त्यांचं चूक होतं असं आजही मला म्हणता येत नाही.

एक वार, म्हणजे पडदा फुटून एकदा वारा सुटणं. तेवढंच मला करून दाखवायचं होतं. नळीची दाबाची परीक्षा झाली होती. मधे बिनखाचेचा जाड पत्रा लावून आम्ही नळीत पाणी भरून दाब दिला आणि दोन दिवस तसाच ठेवला. चाचा दोन्ही दिवस येऊन काटा बघून गेले. काटा हलला नाही तेव्हा त्यांनी नळीवर थाप मारली आणि "पाह्यलं?" एवढंच म्हणाले. आता फक्त खरे पडदे राहिले होते. दोन मिलिमीटरचा पत्रा, त्यावर अधिक चिन्हासारखी खाच, खोली पाऊण मिलिमीटर. त्या खाचेवर सगळं अवलंबून असतं. ती नेमकी असेल तर पडदा चाळीस बारला, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या वीसपट दाबाला, चार पाकळ्यांत उघडतो. मी दहा पडद्यांचा नकाशा घेऊन मलकापूरला गेले. दिवसभर परीक्षेची ड्युटी करून गेले होते, पाय दुखत होते, परतीची गाडी गाठायची होती.

चाचांनी नकाशा दिव्याकडे धरला. "बाई, हे खाच काऊन?"

मी म्हणाले, "लागते, चाचा."

ते एक क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नकाशा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मी गाडी गाठली.

समितीची तारीख पंधरा दिवस अलीकडे आली. कारण काय ते कुणी सांगत नसतं. आधी दोन-तीनदा वार करून पाहायचा माझा बेत होता, तो बारगळला. पडदे समितीच्या आदल्या दिवशी दुपारी बसच्या कंडक्टरबरोबर आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. चाचांना रोहिणखेडला कुणाच्या मैयतीला जावं लागलं होतं. मी पडदे हातात घेऊन पाहिले. खाचा सुरेख, सरळ, दोन्ही बरोबर मध्यावर छेदलेल्या. खोली मोजायचं माप कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या सहायकाकडे. चाचांचं काम मोजायचं कशाला, असं मी मनाशी म्हटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आळस नव्हता तो, थकवा होता. पण विद्यार्थ्यानं असं कारण दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीचे तिघे आले. पोहे झाले, चहा झाला, सत्कार झाला. मग सगळे जाड काचेच्या खिडकीमागे उभे राहिले. मी पंप लावला, पुढची नळी रिकामी केली, मागच्या नळीत वायू सोडायला सुरुवात केली. काटा तीसवर आला, पस्तीसवर आला. चाळीस. काही नाही. बेचाळीस, पंचेचाळीस. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून प्राचार्यांकडे पाहिलं, ते घड्याळाकडे पाहत होते. पन्नास. पंचावन्नला थांबायचं, असं मीच सुरक्षेच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. पंचावन्नला मी वायू बंद केला आणि वाट पाहिली. ते यंत्र इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी मी झडप उघडून दाब सोडून दिला. बराच वेळ फुस्स असा आवाज येत राहिला.

समितीतले ज्येष्ठ गृहस्थ सभ्य होते. ते म्हणाले, "बांधणी मात्र फार मजबूत आहे हं." त्यांना मनापासून चांगलं बोलायचं होतं. मी आभार मानले. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही आलं नाही. जेवणाच्या वेळी मी सगळ्यांना भाकरी वाढली आणि ठेचा तिखट आहे, जपून घ्या, असं सांगत फिरले.

दुसऱ्या दिवशी सहायक सुट्टीवरून परतला, तेव्हा कपाट उघडलं, पडदा काढला, खोली मोजली. पाव मिलिमीटर. उरलेले नऊही मोजले. सगळे पाव, एकातही तिळाचा फरक नाही. इतक्या नेमकेपणानं चूक होत नसते. मी सरळ मलकापूरची गाडी धरली.

चाचा शेपरवर होते. मला पाहून त्यांनी मशीन थांबवलं आणि हात पुसले. "या बाई. कसं झालं काल?"

"पडदा फुटला नाई, चाचा."

त्यांचा चेहरा उजळला. अगदी पोराचा निकाल ऐकावा तसा. "फुटनारच नाई," ते म्हणाले. "म्या जबान देली होती ना."

मी पडदा आणि नकाशा त्यांच्या पुढ्यात टाकला. "पाऊण लिवलं हाय. तुमी पाव केली."

"हाव. जानून केली," ते म्हणाले. "पाऊण केली असती तं पत्रा टिकला नसता. म्या एक तुकडा कापून पाह्यला, हातानं वाकवला, अंदाज घेतला. चाळीसच्या आसपास फाटला असता, बाई. तुमच्या नकाशात चूक हाय असं वाटलं. तुमी थकेल दिसत होत्या त्या दिवशी. म्हनलं, आपुनच सांभाळून घ्यावं."

चाळीस. माझ्या संगणकानं जे सांगितलं, ते या माणसानं पत्रा बोटांत वाकवून ओळखलं होतं. त्या क्षणी मला त्याचं काहीच कौतुक वाटलं नाही. मला फक्त संताप आला. मी भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांदेखत बोलले, की मले चाळीसवरच फोडाचा होता तो, फोडासाठीच केला होता, आन तुमच्या जबानीपायी माह्यी अकरा वर्षं पाण्यात गेली. आवाज चढला होता. गिऱ्हाइकं खाली बघायला लागली.

चाचांनी पडदा उचलला, खाचेवरून नख फिरवलं. त्यांना ते कळायला फार वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला.

"फोडाचाच होता," ते हळू म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मंग त्या दिवशी साहेब लोकायसमोर मले काऊन उभं केलं होतं, बाई?"

मी नकाशा गोळा केला आणि निघाले. गाडीत खिडकीशी बसले आणि मोताळ्यापर्यंत तोच प्रश्न डोक्यात राहिला. मी त्यांना उभं केलं होतं कारण मला मंजुरी हवी होती. सभागृहातल्या बाकीच्यांसारखंच त्यांनाही मी अर्धं सांगितलं होतं, आणि उरलेलं अर्धं सांगायचं मला सुचलंही नव्हतं. समित्यांना, विश्वस्तांना, बाहेरून आलेल्या पाहुण्यांना मी ते यंत्र किती वेळा समजावलं असेल त्याला गणती नाही. ज्यानं ते हातानं घडवलं, त्याला मी 'लागते' म्हणाले. मला लाज वाटली. संतापापेक्षा ती फार जड होती.

प्राचार्यांनी समितीकडे दुसरी तारीख मागून पाहिली. त्यांनी मागितली हे खरं, मी पत्र पाहिलं. उत्तर तीन ओळींचं आलं, नकाराचं. शेड पुढच्या सोमवारपर्यंत रिकामी करून द्यायची होती.

गुरुवारी चाचांचा फोन आला. मी उचलावा की नाही असा विचार करत राहिले, आणि उचलला. ते म्हणाले, "उद्या जुम्मा. दुकान बंद असते. पडदे बरोबर करून आनतो." एवढं बोलून फोन ठेवला. सोमवारचं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. पुन्हा एकदा मी काही सांगितलं नाही, हे मला नंतर जाणवलं.

नमाज झाल्यावर ते आले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, हातात पिशवी. पिशवीत पाच पडदे, या वेळी पाऊण मिलिमीटर. मी मोजले, त्यांच्यासमोर, आणि त्यांनी ते मोजू दिले. आम्ही दोघांनी पडदा बसवला, बोल्ट आवळले. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. काटा चढत गेला. चाचा काचेमागे माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांच्या ओठांची काहीतरी हालचाल चालली होती. एकोणचाळीसला पडदा फुटला.

आवाज मोठा होता. छपरावरची कबुतरं उडाली. पडद्यावर, म्हणजे संगणकाच्या, एक रेघ उभी चढली, थोडी सपाट धावली आणि कोसळली. ती सपाट रेघ म्हणजे माझा वारा. ध्वनीच्या सहापट, संग्रामपूरच्या पोरीनं आणि रोहिणखेडच्या मिस्त्रीनं काळ्या मातीवर केलेला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार झाला. पण तो दुखऱ्या अंगावर झालेला आनंद होता, नाचायला उठवणारा नव्हता.

"झालं काय?" चाचांनी विचारलं.

"झालं."

"मले तं काईच दिसलं नाई."

मग आम्ही नळी उघडली. पडद्याच्या दोन पाकळ्या नीट मागे वळल्या होत्या. दोन तुटून पुढे गेल्या होत्या आणि नॉझलच्या अरुंद भागावर ओरखडा पाडून गेल्या होत्या. चाचांनी बोट घालून ओरखडा चाचपला, स्वतःच्याच कामावरचा. "हे पाकळ्या काऊन तुटल्या?" ते म्हणाले.

आणि मी फरशीवर बसले, खडू घेतला आणि सांगायला लागले. पहिल्यापासून. यान, त्याचं नाक, दाबली जाणारी हवा, नळीचे दोन भाग, पडदा फुटल्यावर पुढे धावणारा धक्का, त्याचं आपटून परत येणं, नॉझल तसंच का, टाकी का रिकामी, वारा एवढाच का टिकतो. सगळं आईच्या बोलीत. मला वाटलं होतं, या बोलीत याला शब्दच सापडणार नाहीत. सगळे सापडले. चाचा समोर मांडी घालून बसले होते, पांढऱ्या पायजम्याची पर्वा न करता, आणि प्रश्न विचारत होते. धक्का परत येतो तेव्हा पाकळीवर मागून बी मार बसत असन, नाई? हवा पुढे चालली असते तवा पाकळी कशाले टेकते? अकरा वर्षांत एकाही समितीनं मला इतके नेमके प्रश्न विचारले नव्हते. दुपार उतरून सावली शेडच्या दारात आली तरी आम्ही तिथेच होतो.

शेवटी त्यांनी खडू माझ्या हातातून घेतला आणि पाकळी जिथे वाकते तिथे एक वळण काढलं. "इथं मुळाशी कोपरा धारदार हाय, म्हनून तुटते," ते म्हणाले. "बसते त्या जागी गोलाई देली तं पाकळी वळन, तुटनार नाई. आन ओरखडा म्या घासून काढतो. पुढच्या पडद्याले पाह्यजा तुमी."

मी ज्या संस्थेत शिकले, तिथे या गोलाईपर्यंत पोचायला लोकांना किती काळ लागला होता ते मला माहीत आहे. मी त्यांच्या रेघेकडे बघत राहिले. मग सांगावंच लागलं.

"पुढचा पडदा नाई, चाचा. सोमवारी शेड खाली कराची हाय. अभ्यासिका होऊन राह्यली इथं."

त्यांनी नळीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, मुरुमापर्यंत गेलेल्या ओट्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मंग आज काऊन सांगतलं मले हे सगळं?"

"इतके वर्स सांगतलं नाई म्हनून," मी म्हणाले.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले, पायजम्यावरचा खडू झटकला. "लय उशीर केला, बाई," असं म्हणाले, आणि बोल्ट काढायला पाना मागितला.